लिनक्सवरील मराठी

लिनक्सवरील मराठी ही संज्ञा लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर मराठी भाषा लिहिता यावी, शुद्ध दिसावी, शोधता यावी आणि प्रणालीतील सूचना मराठीतून वाचता याव्यात यासाठी झालेल्या कामाला उद्देशून वापरतात. फाँट, कळफलक, जोडाक्षरांची मांडणी करणारी सॉफ्टवेअरे, भाषांतर आणि पारिभाषिक शब्दांची निश्चिती ही या कामाची मुख्य अंगे होत. हे काम कोणत्याही एका कंपनीने किंवा शासकीय संस्थेने पूर्णत्वास नेलेले नाही. पगारी अभियंते, स्वयंसेवक, विद्यार्थी आणि भाषेचे जाणकार यांनी ते तुकड्यातुकड्याने केले असून आजही ते अपुरे आहे. त्याची केंद्रे पुणे व मुंबई ही राहिली. तथापि त्यातील एक जुना तांत्रिक प्रश्न विदर्भाच्या पश्चिम भागाच्या नावातच दडलेला आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द पडद्यावर नीट उमटतो की नाही, यावरून एखाद्या संगणकाला मराठी कितपत येते हे ओळखता येते.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला व पुढील वर्षी तो ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आणला. या परवान्यानुसार कोणालाही सॉफ्टवेअर वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा मिळते. इंग्रजीत एकाच शब्दाने ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन्ही अर्थ निघत असल्याने या चळवळीला वर्षानुवर्षे खुलासे करावे लागले. मराठीत दोन वेगळे शब्द असल्याने हा घोळ मुळातच उद्भवत नाही.

लहान बाजारपेठ असलेल्या भाषांना या परवान्याचे महत्त्व अधिक असते. बंद सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणायची की नाही हे विक्रेता ठरवतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो निर्णय त्या भाषेच्या लोकांना स्वतः घेता येतो, मात्र कामही त्यांनाच करावे लागते.

१९९१ हेच वर्ष दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी युनिकोड प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावर आधारलेली होती. तोपर्यंत मराठी टंकलेखन श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांवर चालत असे. या फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हेच साठत आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरे दिसत. कार्यालये व छापखाने यांचा सारा व्यवहार या फाँटांवर आणि विंडोजवर बेतलेला होता. लिनक्ससाठी तो मार्ग जवळजवळ बंद असल्याने तेथे मराठीची सुरुवात थेट युनिकोडपासून झाली. त्या काळी ही अडचण मानली गेली, पण पुढे ती पथ्यावर पडली. भारत सरकारने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवले, तेव्हा लिनक्सवरील मराठी मजकुराला रूपांतराची गरजच नव्हती.

पहिले प्रयत्न

भारतात लिनक्सचा प्रसार प्रथम नियतकालिकांसोबत मिळणाऱ्या सीडींमधून झाला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ने आणि २००३ पासून ‘लिनक्स फॉर यू’ने अशा सीडी वाटल्या. आंतरजालाची जोडणी मंद व महाग असलेल्या गावांत हा प्रणाली मिळवण्याचा प्रमुख मार्ग होता. २००५ पासून उबुंटूच्या सीडी मागणीनुसार टपालाने घरपोच व विनामूल्य मिळू लागल्या. ही योजना २०११ साली बंद झाली. मोठ्या शहरांबाहेरील विद्यार्थ्यांच्या एका पिढीने लिनक्स प्रथम पाहिले ते टपालाने आलेल्या या पाकिटांमधून.

भारतीय भाषांसाठी संघटित प्रयत्न २००० सालाच्या सुमारास ‘इंडलिनक्स’ या गटाने सुरू केले. प्रकाश अडवाणी व वेंकटेश हरिहरन हे त्याचे प्रवर्तक होत. गटाचा आरंभीचा भर हिंदीवर होता, परंतु देवनागरीसाठी केलेले काम मराठीलाही उपयोगी पडले. फाँट, कळफलक व मांडणी यांतील बराचसा भाग दोन्ही भाषांना समान आहे. ‘बराचसा’ या शब्दात मात्र मराठीच्या पुढील सर्व अडचणी सामावलेल्या आहेत.

२००४ साली रेड हॅट कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट ग्नू परवान्याखाली खुले केले. २०११ साली ते मुक्त फाँट परवान्याखाली आले. ‘लोहित’ म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातील तांबड्या टोपीशी असलेले हे नाते सहज लक्षात येते. या फाँटांची देखभाल पुण्यातून होत असे व दीर्घकाळ बहुतेक लिनक्स वितरणांत देवनागरीसाठी हेच फाँट मिळत.

वऱ्हाडातील ‘र’

मराठीत ‘र’ जोडाक्षराच्या आरंभी दोन प्रकारे लिहिला जातो. ‘दर्या’ या शब्दात तो रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो. ‘दऱ्या’ या शब्दात तो व्यंजनाआधी लहान वळणदार आडव्या रेघेच्या रूपात येतो. पहिल्यात आधीच्या अक्षरावर आघात पडतो, दुसऱ्यात पडत नाही. हा भेद केवळ दिसण्याचा नाही, अर्थाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र, तर दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर पहिल्या ‘र’ने लिहितात आणि त्याच जिल्ह्यातील मेळघाटाच्या दऱ्या दुसऱ्याने. ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी यांतही हाच फरक आहे.

हिंदीला दुसऱ्या प्रकारचा ‘र’ लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले फाँट व मांडणी सॉफ्टवेअरे यांत तो अनेकदा राहून जाई. परिणामी ‘वऱ्हाड’ हा शब्द ‘वर्हाड’ असा उमटे, किंवा ऱ, हलन्ताची खूण आणि ह सुटे-सुटे दिसत. वऱ्हाडात या अक्षराचा वावर विशेष आहे. पऱ्हाटी, बिऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा हे रोजचे शब्द आहेत आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर कृषिविषयक प्रत्येक कागदावर असतो. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाला ‘पऱ्हाटी’ लिहिता न येणारा संगणक फारसा उपयोगाचा नव्हे.

युनिकोडने या ‘र’साठी नियम केलेला आहे. ऱ (क्रमांक ०९३१), त्यानंतर हलन्त आणि त्यानंतर पुढील व्यंजन, असा क्रम असल्यास ही आडवी खूण उमटावी, असे प्रमाण सांगते. मराठीसोबत नेवारी भाषेचाही तेथे उल्लेख आहे. मात्र युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी आणखी एक मार्ग खुला ठेवला गेला. साधा र, हलन्त आणि ‘शून्य रुंदीचा जोडक’ हे अदृश्य चिन्ह लिहिले तरी तीच खूण उमटते. याशिवाय ऱ हे अक्षर र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांतही विघटित होऊ शकते. म्हणजे ‘वऱ्हाड’ हा एकच शब्द संगणकात तीन प्रकारे साठू शकतो. पहिल्या प्रकारात त्यात ६ चिन्हे असतात व यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट लागतात. उरलेल्या दोन प्रकारांत चिन्हे ७ आणि बाइट २१ होतात.

पडद्यावर तिन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. लिनक्सवरील ‘ग्रेप’ ही शोध-आज्ञा एका प्रकारे लिहिलेला ‘वऱ्हाड’ दिल्यास दुसऱ्या प्रकारे साठवलेला शोधून देत नाही. युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिला व तिसरा प्रकार एक होतात. जोडकाचा प्रकार तरीही वेगळाच राहतो, त्यासाठी प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र तरतूद करावी लागते. गोऱ्हे किंवा वऱ्हाडे आडनावाच्या व्यक्तीची नोंद एका लिपिकाने एका कळफलकाने केली आणि दुसऱ्याने ती वेगळ्या कळफलकाने शोधली, तर यादीत नाव असूनही ‘नोंद नाही’ असे उत्तर येऊ शकते. मल्याळम भाषेपुढे तिच्या ‘चिल्लु’ अक्षरांबाबत असाच पेच होता. तेथे २००८ साली स्वतंत्र चिन्हे मान्य झाली. जुना मार्गही चालूच राहिल्याने दुहेरीपणा तेथेही संपला नाही.

इनस्क्रिप्ट कळफलकावर हा शब्द सरळ लिहिता येतो. र ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो, पुढे हलन्त आणि ह. जोडकाची गरजच पडत नाही. ध्वन्यानुसारी कळफलकांत मात्र प्रत्येकाची रीत निराळी आहे आणि दुहेरी साठवणुकीचे मूळ बहुधा तेथेच सापडते. लिनक्समध्ये २००९च्या फेडोरा ११ पासून आयबस ही लेखनव्यवस्था प्रचलित झाली. तिच्यातून इनस्क्रिप्टसह अनेक मराठी कळफलक निवडता येतात.

जोडाक्षरांची मांडणी पूर्वी वेगवेगळ्या डेस्कटॉपांत वेगवेगळी सॉफ्टवेअरे करीत. त्यामुळे एकाच संगणकावर एका खिडकीत ‘वऱ्हाड’ शुद्ध व दुसऱ्या खिडकीत अशुद्ध दिसण्याचा प्रकार घडे. हार्फबझ हे सामाईक सॉफ्टवेअर रूढ झाल्यावर ही विसंगती बरीच मिटली. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत तेच वापरले जाते. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच असल्याने, आपण लिनक्स कधी वापरले नाही असे मानणाऱ्या वऱ्हाडातील बहुतेक फोनधारकांच्या हातात या कामाचे फळ पोहोचलेले आहे.

ल, श आणि ॲ

मराठीची वेगळी ओळख आणखी काही अक्षरांत आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना प्रमाण मानले. हिंदीत या अक्षरांची वळणे निराळी आहेत, पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. म्हणून हा भेद फाँटाने सांभाळावा लागतो. आरंभी लोहितमध्ये मराठीसाठी स्वतंत्र फाँट ठेवला होता. पुढे एकाच देवनागरी फाँटात भाषेनुसार आकार बदलण्याची सोय करण्यात आली. त्यासाठी मजकूर मराठी आहे ही माहिती संगणकाला द्यावी लागते. ती न दिल्यास ‘अकोला’मधील ल हिंदी वळणाचा उमटू शकतो.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत ०९७२ या क्रमांकावर आले. त्यापूर्वी अ नंतर चंद्राची खूण लिहून काम भागवले जाई. कित्येक मांडणी सॉफ्टवेअरे हा क्रम चुकीचा मानून मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखवीत. ते टाळण्यासाठी लोक येथेही अदृश्य जोडक घालू लागले आणि त्या काळच्या मजकुरात तो आजही मोठ्या प्रमाणात आढळतो. रुपयाचे चिन्ह २०१० साली आणि मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली.

भाषांतर आणि शब्दांची निवड

लिनक्सवरील सॉफ्टवेअरांचे भाषांतर बहुतांशी ‘गेटटेक्स्ट’ या पद्धतीने होते. मूळ इंग्रजी वाक्य व त्याखाली मराठी वाक्य अशा जोड्यांची एक साधी मजकूर-फाइल असते. ती संपादित करण्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नसते. मराठीचे चांगले ज्ञान असलेला कोणीही हे काम करू शकतो आणि चळवळीत मराठीच्या विद्यार्थ्याला थेट प्रवेश देणारे दार हेच आहे.

काम दिसते तितके सोपे नाही. ‘फाइल’ला संचिका म्हणावे, धारिका म्हणावे की फाइलच राहू द्यावे? बटणावर ‘रद्द करा’ असा आदेश असावा की ‘रद्द’ एवढेच पुरे? भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश हाताशी असले तरी त्यांतील शब्द प्रशासन व शास्त्रे यांसाठी घडवलेले आहेत. पडद्यावरील अरुंद चौकटीत ते मावतातच असे नाही. शिवाय ग्नोम, केडीई, फायरफॉक्स व लिबरऑफिस यांचे भाषांतर करणारे गट वेगळे असल्याने एकाच संगणकावर एकाच आज्ञेला तीन नावे दिसत. हा गोंधळ कमी करण्यासाठी ‘फ्युएल’ या उपक्रमात वारंवार येणाऱ्या शब्दांची सामाईक यादी करण्याची पद्धत रूढ झाली. भाषांतरकार व भाषातज्ज्ञ यांनी एकत्र बसून शब्दाशब्दावर चर्चा करून यादी ठरवावी, अशी तिची रीत आहे. अतिसंस्कृत शब्दांचा आग्रह मराठी डेस्कटॉपला महागात पडला, कारण ज्या वापरकर्त्याला ‘डाउनलोड’ समजतो त्याला त्याचा प्रतिशब्द वाचून अर्थ लावण्यासाठी इंग्रजीकडेच परतावे लागे.

ग्नोम डेस्कटॉपमध्ये किमान ८० टक्के वाक्ये भाषांतरित असलेली भाषा पूर्ण समर्थित मानण्याची प्रथा होती. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक वेळी नवी वाक्ये वाढतात, जुनी बदलतात. काम थांबले की टक्केवारी आपोआप घसरते. मराठीसारख्या भाषेत नियमित भाषांतर करणारे मोजकेच असल्याने एकाने नोकरी बदलली किंवा एका कंपनीने प्राधान्यक्रम बदलला तरी त्याचा परिणाम पडद्यावर दिसू लागतो.

गट व संमेलने

लिनक्सची चळवळ वापरकर्ता गटांच्या आधाराने वाढली. मुंबई व पुणे येथे असे गट १९९०च्या दशकाच्या अखेरच्या काळापासून कार्यरत होते. महिन्यातून एकदा भेटणे, एकमेकांच्या अडचणी सोडवणे आणि नवख्यांच्या संगणकावर लिनक्स बसवून देणे असे त्यांचे स्वरूप असे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेत विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ‘ग्नूनिफाय’ हे वार्षिक संमेलन भरू लागले. बंगळूर येथे २००१ साली सुरू झालेले संमेलन २००५ पासून ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखले गेले आणि २०१२ पर्यंत चालले.

फेडोराचे वापरकर्ते व विकासक यांचे ‘फडकॉन’ हे संमेलन ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या काळात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. २०१५च्या जूनमध्ये आशिया-प्रशांत विभागाचे फडकॉनही पुण्यातच भरले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचे जागतिक संमेलन कोची येथे झाले. अशा संमेलनांत व्याख्यानांहून अधिक महत्त्व कार्यसत्रांना असते. फाँटातील एखादा दोष नोंदवून वर्षभर वाट पाहण्याऐवजी तो दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याला समोर बसवून शब्द टंकून दाखवता येतो. याशिवाय २००४ पासून जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन पाळला जातो. पुढे त्यासाठी सप्टेंबरमधील तिसरा शनिवार ठरला. तो कोणत्याही गावातील महाविद्यालयाला साजरा करता येतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शासकीय पातळीवर सी-डॅकने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली आणली व तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय केली. केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. केरळने शालेय संगणक शिक्षण लिनक्सवर नेले, तसा व्यापक निर्णय महाराष्ट्रात झाला नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स व इतर मुक्त सॉफ्टवेअरांचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध करून दिले आहेत. जवळपास शिकवणारा नसलेल्या विद्यार्थ्याला आज मराठीतून मिळणारे हे सर्वांत सोयीचे साधन म्हणता येईल.

अमरावती व अकोला

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली, तर अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. संत गाडगे बाबांचे नाव असलेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. बडनेरा, अमरावती, अकोला आणि शेगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. म्हणजे लिनक्स शिकू शकणाऱ्या विद्यार्थ्यांची येथे वाण नाही.

अडचण अंतराची आहे. पुणे अमरावतीहून सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. ग्नूनिफायसाठी किंवा फडकॉनसाठी जायचे म्हणजे बडनेरा वा अकोल्याहून रात्रीची गाडी, राहण्याची सोय आणि दोन दिवसांची गैरहजेरी. मासिक भेटींवर वाढणाऱ्या चळवळीत हे अंतर निर्णायक ठरते. शिकलेले तरुण नोकरीसाठी पुण्याकडेच जात असल्याने अनुभवी माणसे प्रदेशात टिकत नाहीत. मराठी भाषांतराच्या कामाला मात्र अंतराची अट नाही. ते आंतरजालावरून होते आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याइतकेच मराठी विभागातील विद्यार्थ्यालाही करता येते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या महानुभाव पंथाच्या स्थळी राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे. जुन्या मराठी ग्रंथांच्या शोधक्षम संगणकीय प्रती तयार करताना ‘ऱ’च्या दुहेरी साठवणुकीचा प्रश्न अभ्यासकांपुढेही येतो.

भाषांतर कोणत्या मराठीत व्हावे, हा प्रश्न वऱ्हाडातून पाहिल्यास वेगळा दिसतो. लिनक्समध्ये मराठीसाठी भारत हा एकच प्रदेश-विभाग आहे आणि त्यातील भाषा प्रमाण मराठी आहे. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत मात्र वऱ्हाडी-नागपुरीला ‘व्हीएएच’ हा स्वतंत्र संकेत दिलेला आहे. वऱ्हाडी ही बोली की भाषा यावर अभ्यासकांचे मत काहीही असो, संगणकाच्या दृष्टीने तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. मेळघाटातील कोरकू ही भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती मुंडा गटातील आहे. महाराष्ट्रात ती लिहिताना देवनागरीचाच वापर होतो आणि तिलाही ‘केएफक्यू’ हा संकेत आहे. या भाषांसाठी फाँट, कळफलक व मांडणी सॉफ्टवेअर नव्याने बनवावे लागणार नाही, मराठी व हिंदीसाठी झालेले कामच पुरेल. वार व महिन्यांची नावे, आकडे लिहिण्याची पद्धत आणि अकारविल्ह्याचा क्रम यांची नोंद असलेली एक फाइल तयार करून ग्लिबसी या मूळ ग्रंथालयाकडे पाठवणे ही त्यातील पहिली पायरी असते.